संत जॉन बॉस्को : मोडलेले व्हायोलिन आणि वाल्दोकोची मुले

दर वर्षी ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. मुंबई परिसरातील आपल्या भाविकांना माटुंग्यामुळे हे नाव घरातल्या माणसाच्या नावासारखे झाले आहे. डॉन बॉस्को म्हटले की शाळा, तंत्रशाळा आणि खेळाचे मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र ज्या साधनांनी या धर्मगुरूंनी तुरीन शहरातील निराधार मुलांची मान ताठ केली, त्यांत गाणे, नाटक आणि वाद्यवृंद यांचाही मोठा वाटा होता. ही बाजू काहीशी उपेक्षित राहिली आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्यांचे चरित्र या अंगाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीच्या पिडमाँट प्रांतातील बेक्की या वाडीत एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वडील वारले. आई मार्गरिटा हिने तीन मुलांचा संसार ओढला. गावोगावच्या जत्रांत डोंबारी आणि हातचलाखी करणारे येत. लहानगा जॉन पुढच्या रांगेत उभा राहून त्यांच्या हातांकडे टक लावून पाही आणि घरी येऊन पडत धडपडत तेच खेळ शिके. पुढे नासपतीच्या झाडाला दोर बांधून तो स्वतःच खेळ करू लागला. प्रेक्षकांना पैसे पडत नसत, परंतु आधी जपमाळेची प्रार्थना करावी लागे आणि रविवारचे प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकावे लागे. ज्यांना हे नको असे, त्यांना दोरीवरची चालही पाहायला मिळत नसे!

सावत्र भावाला त्याचे शिकणे रुचत नव्हते, म्हणून काही काळ जॉनला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबावे लागले. १८३१ मध्ये तो किएरी गावी शाळेत गेला. तेथे शिंप्याच्या हाताखाली आणि कॉफीच्या दुकानात काम करून त्याने शिक्षण केले. सोबत्यांना जमवून त्याने एक मंडळ काढले आणि त्याला आनंदाचेच नाव दिले. संगीतही तो तेव्हाच शिकला.

आता एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो. २५ ऑक्टोबर १८३५ रोजी जॉनने धर्मगुरूचा झगा अंगावर घेतला. हातचलाखी आणि दोरीवरचे खेळ यापुढे सोडून द्यायचे, असा त्या वेळी त्याने निश्चय केला. सेमिनरीच्या सुटीत एका नातेवाइकाच्या गावी सण होता. जेवणानंतर आग्रह झाला, म्हणून त्याने व्हायोलिन वाजवले. थोड्या वेळाने बाहेर पावलांचा आवाज आला. खिडकीतून पाहतो तो अंगणात लोक त्याच्या सुरांवर नाचत होते. आपण जे टाळायला सांगणार, तेच आपल्या हातून घडले, या विचाराने तो इतका अस्वस्थ झाला की त्याने ते व्हायोलिन फोडून टाकले. आज हे आपणांस अतिरेकी वाटेल, आम्हांसही वाटते. त्या काळच्या सेमिनरीत कडक वळणाची शिकवण होती आणि तरुण जॉन तिच्याच छायेत वाढत होता. पण हाच मनुष्य पुढे शेकडो मुलांच्या हाती वाद्ये देणार होता. हा बदल त्याच्यात घडवला तो तुरीनच्या रस्त्यांनी.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. फादर जोसेफ कफास्सो यांच्या मार्गदर्शनाखाली ते तुरुंगांत जाऊ लागले. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले गजांआड पाहून ते हादरले. सुटलेली मुले पुन्हा पुन्हा तेथेच येत, कारण बाहेर त्यांचे कोणीच नव्हते. तुरीनमध्ये बांधकामे वाढत होती, डोंगराळ खेड्यांतून मुले कामाला येत आणि रात्री जागा मिळेल तेथे झोपत. ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत असाच एक पोरका गवंडीकाम करणारा मुलगा त्यांना भेटला. मिस्सेला सेवा करता येत नाही, म्हणून सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले होते. फादरांनी त्याला परत बोलावून घेतले आणि काय काय येते ते विचारले. वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते, गाताही येत नव्हते. मग शीळ घालता येते का, असे विचारताच मुलगा हसला, अशी हकिगत सांगितली जाते. जे येत नाही त्याची यादी संपल्यावर जे येते तेथून आरंभ करायचा, ही त्यांची रीत होती.

दुसरी एक गोष्ट न्हाव्याच्या दुकानातली आहे. १८४३ च्या सुमारास फादर बॉस्को दाढी करवायला गेले असता कार्लो गास्तिनी नावाचा शिकाऊ मुलगा साबण लावत होता. वस्तराही यालाच चालवू द्या, असा त्यांनी आग्रह धरला. मालक घाबरला, कारण मुलगा अजून शिकत होता आणि गिऱ्हाईक धर्मगुरू. फादर मात्र खुर्चीत स्वस्थ बसून राहिले आणि मुलाने जशी केली तशी दाढी करवून घेतली. पुढे कार्लो पोरका झाल्यावर त्यांनी त्याला आपल्या घरी आणले. गालावर किती ओरखडे उठले असतील ते असोत! परंतु वस्तरा धरणाऱ्या हाताला त्या दिवशी काय मिळाले असेल, याचा विचार आम्ही अनेकदा केला आहे.

मुलांचा मेळावा वाढला तसा तो शेजाऱ्यांना नकोसा झाला. या जागेतून त्या जागेत असे किती तरी वेळा त्यांना हलावे लागले. इतकी मुले एकत्र येतात त्यामागे राजकारण असावे, असा अधिकाऱ्यांना संशय होता, तर काही धर्मगुरूंना फादर बॉस्को यांचे डोके फिरले आहे असे वाटे. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोको भागातील पिनार्दी यांच्या बुटक्या पडवीत त्यांना कायमची जागा मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आई मार्गरिटा गाव सोडून मुलांची आई होण्यास तेथे आली.

वाल्दोकोत रात्रशाळेबरोबर गायनवर्गही चाले. त्या काळी तेथील चर्चमध्ये गायनमंडळ म्हणजे प्रौढ पुरुषांचे काम होते. फादरांनी वीटकाम करून आलेल्या पोरांना फळ्यावर स्वर लिहून सामुदायिक पद्धतीने गायन शिकवले. एकाच वेळी इतक्यांना कसे शिकवतात हे पाहण्यास शहरातील नामवंत संगीतशिक्षक येऊन बसत. काल ज्यांना लोक हुसकावत होते, त्यांचेच कोवळे आवाज आता सणाच्या मिस्सेत ऐकू येऊ लागले.

नाटकाची गोष्ट त्याहून गंमतीची आहे. १ जानेवारी १८५० पासून पिडमाँटमध्ये दशमान मापे सक्तीची होणार होती. आपल्याकडे १९५८ पासून शेर आणि मण जाऊन किलो आला तेव्हा बाजारात उडालेला गोंधळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. मजुरी मोजून घेणाऱ्या निरक्षर मुलाला तर असा बदल हमखास फसवणार. फादरांनी या विषयावर पुस्तिका लिहिली, शिवाय विनोदी संवाद रचून १८४९ मध्ये मुलांकडूनच ते रंगमंचावर करवून घेतले. मुले हसत हसत मापे शिकली, आणि रंगमंचावर उभी राहून मोठ्यांना शिकवूही लागली.

शरद ऋतूत ते मुलांना घेऊन पायी निघत, प्रथम बेक्कीपर्यंत आणि पुढे मोंफेर्रातोच्या डोंगरांतून गावोगाव. १८६४ पर्यंत हा क्रम चालला. सोबत बँड असे आणि नाटकाचे सामानही. सकाळी चर्चमध्ये गायन, रात्री गावच्या चौकात नाटक. आपल्याकडे तमाशाचे फड फिरतात तसा हा पोरांचा फड! शहरात ज्यांना पाहून लोक खिसा सांभाळत, त्यांच्यासाठी खेड्यांत घंटा वाजत आणि जेवणाच्या पंगती मांडल्या जात.

तरीही त्यांनी कलेला मोकाट सोडले नाही. १८५८ मध्ये त्यांनी नाटकासाठी नियमच लिहिले : विषय साधा असावा, वेशभूषेचा डामडौल नसावा, खेळ फार रात्रीपर्यंत लांबू नये. त्यांच्या सगळ्याच नाट्यकृती आज आपण रंगमंचावर आणू असे नाही. १८५३ मधील एक संवादनाट्य प्रॉटेस्टंट बांधवांशी वाद घालणारे आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते आपणांस अवघड वाटते. ते आपल्या काळाचे होते, हे मान्य करण्यास संकोच नसावा.

या अंगणातून काय घडले? कारमान्योला स्थानकावर टोळीचा म्होरक्या म्हणून भेटलेला मायकल मागोने १८५७ मध्ये वाल्दोकोत आला आणि १८५९ च्या जानेवारीत चौदाव्या वर्षी निवर्तला. फादरांनी त्याचे चरित्र लिहिले. जॉन काल्येरो हा बेक्कीजवळचाच मुलगा १८५१ मध्ये आला, तेथेच संगीत शिकून संगीतकार झाला. १८७५ मध्ये सालेशियन मिशनऱ्यांची पहिली तुकडी अर्जेंटिनाला गेली ती त्याच्याच नेतृत्वाखाली, आणि १९१५ मध्ये तो कार्डिनल झाला. सालेशियन संस्था १८५९ मध्ये आणि धर्मभगिनींची संस्था १८७२ मध्ये स्थापन झाली. ३१ जानेवारी १८८८ रोजी फादर बॉस्को यांचे देहावसान झाले, आणि १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आणि तो न्हाव्याचा शिकाऊ मुलगा? कार्लो गास्तिनी पुस्तकबांधणी शिकला, वाल्दोकोतच त्या कामाचा प्रमुख झाला, आणि रंगमंचावर पाऊल टाकताच सभा हसवणारा नट म्हणून गाजला. २४ जून १८७० रोजी, फादरांच्या नामसणाच्या दिवशी, तो काही जुन्या सोबत्यांना घेऊन आला. सर्वांनी पदरचे पैसे घालून कॉफीच्या पेल्यांचा संच भेट म्हणून आणला होता. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा त्या दिवसापासून दर वर्षी भरू लागला, आणि गास्तिनी तेथे उभा राहून आपण स्वतः रचलेल्या कविता म्हणत असे.