रेडिओतली खरखर घालवणाऱ्या माणसाचं आयुष्य मात्र कोर्टातच गेलं

जुन्या गाडीत ब्लूटूथ नसेल तर लोक एक स्वस्तातला जुगाड करतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये एक छोटं यंत्र खुपसायचं, रेडिओवर एखादी रिकामी फ्रिक्वेन्सी लावायची आणि मोबाईलवरची गाणी गाडीच्या स्पीकरवर ऐकायची. हे यंत्र म्हणजे चक्क एक छोटं रेडिओ स्टेशन असतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं एक ट्रान्झिस्टर, तारेची कॉईल, दोनचार कपॅसिटर आणि 9 व्होल्टची बॅटरी घेऊन असाच ट्रान्समिटर घरी जोडतात आणि बाजूच्या खोलीतल्या रेडिओवर गाणी ऐकतात.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं, त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग वेगळा, हा वेगळा.

18 डिसेंबर 1890 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा जन्म झाला. लहानपणी मोठं आजारपण आलं आणि पोरगा घरातच जास्त रमायला लागला. शहराशेजारच्या याँकर्समध्ये घराच्या माळ्यावर त्याचा वायरलेसचा कारखाना सुरू झाला. अँटेना उंच हवी म्हणून त्याने अंगणात 100 फुटांपेक्षा उंच खांब उभारला. उंचावर चढायची ही खोड त्याला आयुष्यभर पुरली.

1912 साली, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, त्याला पहिला मोठा शोध लागला. तेव्हाचे रेडिओ इतके क्षीण वाजायचे की कानाला हेडफोन लावून बसावं लागायचं. आर्मस्ट्राँगने ट्रायोड नळीतून बाहेर आलेला सिग्नल थोडा परत तिच्यातच सोडला. सिग्नल फिरून फिरून वाढत गेला आणि दूरची स्टेशनं मोठ्याने ऐकू यायला लागली. त्याच्या असंही लक्षात आलं की हे परत सोडणं आणखी वाढवलं, तर तीच नळी स्वतः लहरी तयार करते. म्हणजे रिसीव्हरचाच ट्रान्समिटर होतो.

पेटंटला पैसे लागत होते. वडील म्हणाले, आधी शिक्षण पूर्ण कर. मग त्याने 31 जानेवारी 1913 रोजी आकृती काढून तिच्यावर नोटरीचा शिक्का तेवढा मारून घेतला. पेटंटचा अर्ज मात्र त्यानंतर काही महिन्यांनी गेला.

हा उशीर त्याला महागात पडला. ट्रायोड नळी बनवणाऱ्या ली डी फॉरेस्टने हा शोध आपलाच असल्याचा दावा केला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि 1934 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. या शोधासाठी रेडिओ अभियंत्यांच्या संघटनेने आर्मस्ट्राँगला पदक दिलं होतं. तो ते परत करायला गेला, पण संघटनेने घेतलं नाही. कोर्ट काहीही म्हणो, अभियंत्यांच्या लेखी शोध त्याचाच होता.

दरम्यान पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी काम करताना, 1918 साली त्याने पॅरिसमध्ये सुपरहेटरोडाइन रिसीव्हर तयार केला. पुढची कित्येक दशकं घराघरातला रेडिओ याच पद्धतीवर चालला. पेटंट विकून तो श्रीमंत झाला आणि आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीचा मोठा भागधारक बनला. कंपनीचा सर्वेसर्वा डेव्हिड सार्नॉफ त्याचा दोस्त. सार्नॉफची सेक्रेटरी मॅरियन हिच्याशीच त्याने 1923 साली लग्न केलं आणि भेट म्हणून तिला एक पोर्टेबल रेडिओ बनवून दिला.

पण खरखर काही केल्या जात नव्हती. त्या काळचा सगळा रेडिओ एएम होता. एएममध्ये आवाजानुसार लहरीची उंची कमीजास्त होते. पण वीज कडाडली किंवा मोटार सुरू झाली की तीसुद्धा लहरीची उंचीच बदलते. मग गाणं कुठलं आणि गोंधळ कुठला, हे रेडिओला कळणार कसं?

आर्मस्ट्राँगने उंची तशीच ठेवली आणि आवाजानुसार फ्रिक्वेन्सी बदलली. हेच ते एफएम. कल्पना जुनी होती, पण त्यात फायदा नाही असं गणितज्ञांनी सांगून टाकलेलं, कारण सगळे अरुंद पट्ट्याचाच विचार करत होते. याने उलट पट्टा भरपूर रुंद केला. रिसीव्हरमध्ये लहरीची उंची छाटून टाकली की खरखरही बरीचशी छाटली जाते आणि उरतो स्वच्छ आवाज. 26 डिसेंबर 1933 रोजी त्याला पेटंट मिळालं.

सार्नॉफने एम्पायर स्टेट बिल्डिंगवर प्रयोगाला जागा दिली आणि प्रयोग यशस्वी झाले. पण 1935 साली आरसीएने टेलिव्हिजनसाठी जागा हवी म्हणून त्याला सामान हलवायला सांगितलं. एएमवर उभा असलेला धंदा कंपनीला मोडायचा नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने अभियंत्यांच्या सभेत एफएम ऐकवलं. पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाजसुद्धा स्पष्ट आला. मग त्याने पदरचा पैसा घालून न्यूजर्सीतल्या अल्पाइनमध्ये 400 फुटांहून उंच टॉवर आणि स्वतःचं स्टेशन उभारलं.

आरसीएने पेटंटसाठी एकदाच 10 लाख डॉलर देऊ केले. त्याने नकार दिला. बाकीच्या कंपन्या रॉयल्टी देतात, मग आरसीएला वेगळा न्याय का, हा त्याचा सवाल होता. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याने आपली पेटंट सैन्याला फुकट वापरू दिली.

1945 साली सरकारने एफएमचा पट्टा 42 ते 50 मेगाहर्ट्झवरून उचलून वर, आज 88 ते 108 आहे तिथे नेला. लोकांच्या घरातले एफएम सेट एका फटक्यात निकामी झाले. तिकडे आरसीए त्याचं तंत्र वापरत होती, पण आमची पद्धत वेगळी म्हणून रॉयल्टी देत नव्हती. 1948 साली त्याने खटला भरला. कंपनीच्या वकिलांनी तारखांवर तारखा लावल्या. 1950 मध्ये पेटंटची मुदतही संपली. पैसा गेला, तब्येत गेली. शेवटी पैशावरून पत्नीशीही भांडण झालं आणि ती बहिणीकडे निघून गेली.

31 जानेवारी 1954 रोजी आर्मस्ट्राँगने आयुष्य संपवलं. नोटरीच्या त्या शिक्क्याला त्या दिवशी बरोबर 41 वर्षं झाली होती.

लढाई मॅरियनने पुढे नेली. त्याच वर्षाच्या शेवटी आरसीएने 10 लाख डॉलरच्या आसपास रक्कम देऊन तडजोड केली, म्हणजे नाकारलेल्या रकमेइतकीच. बाकीच्या कंपन्यांविरुद्धचे खटलेही ती एकेक करत जिंकली. शेवटचा निकाल मोटोरोलाविरुद्ध 1967 साली लागला.

आता पुन्हा तो घरी जोडलेला ट्रान्समिटर बघा. कॉईल आणि कपॅसिटर मिळून फ्रिक्वेन्सी ठरवतात. ट्रान्झिस्टर स्वतःचाच सिग्नल परत घेऊन लहरी चालू ठेवतो, हा 1912 चा शोध, जो कोर्टाने त्याच्याकडून काढून घेतला. आवाज आत आला की फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, हा 1933 चा. आणि गाणं पकडणारा जुना रेडिओ बहुधा 1918 च्या सुपरहेटरोडाइनचा.

सगळा खेळ एकाच माणसाचा. त्या छोट्या सर्किटवर त्याचं नाव मात्र कुठेच नसतं.