प्रकाशकणांचा शोध आणि डॉ. मेघनाद साहा

जीनिव्हाजवळ जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल, २७ किलोमीटर घेराचा एक बोगदा आहे. तिथे अणूंचे गाभे प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवले जातात. एका टकरीतून हजारो कण उधळतात. या गर्दीतून प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, वेगळे कसे काढायचे? तिथल्या 'अॅलिस' प्रयोगात हे काम २०१८ पर्यंत ज्या यंत्राने केले, ते भारतीयांनी बांधले होते. कोलकाता, भुवनेश्वर, चंदीगड, जयपूर आणि जम्मू येथील शास्त्रज्ञांनी.

त्याची रीत साधी आहे. मध्ये शिशाचा पत्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, वायूने भरलेली दोन लाखांहून अधिक घरे. विद्युतभार असलेला कण पुढच्याच थरात खूण सोडतो आणि ओळखला जातो. फोटॉनला विद्युतभार नसतो, म्हणून तो तिथून गुपचूप निघतो. पण शिशात शिरताच त्याच्यापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा वर्षाव होतो आणि मागची अनेक घरे एकदम उजळतात. इतर कण बहुधा एखाद-दुसरेच घर उजळतात. काही कण तरीही फोटॉनचे सोंग घेतात, त्यांचा हिशेब वजा करावा लागतो. या घरांतले संकेत वाचणारी 'मानस' नावाची चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी तयार केली. ज्यांच्या नावाने ही संस्था उभी आहे, त्या डॉ. मेघनाद साहांचे चरित्र आपल्या किती मुलांना माहीत आहे?

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली गावी मेघनादांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ यांचे किराणा मालाचे छोटे दुकान. जात, बंगालच्या उतरंडीत खालची मानली गेलेली. मुलाने दुकानात बसावे असा वडिलांचा विचार होता. अनंतकुमार दास या डॉक्टरांनी आपल्या घरी जेवण-राहण्याची सोय केली म्हणून मेघनादांचे शिक्षण पुढे सरकले. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्धच्या निदर्शनाबद्दल शाळेतून काढले गेले, शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेत जाऊन ते पुन्हा पहिल्या रांगेत आले.

१९११ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. सत्येंद्रनाथ बोस वर्गबंधू होते. पण ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसायला नकार दिला. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना अडवले गेले. विद्येच्या देवतेची पूजा चालते आणि विद्यार्थी चालत नाही, हा मनुवादाचा न्याय!

याच साहांनी १९२० साली आयनीभवनाचे समीकरण मांडले. ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेषा पाहून त्यांचे तापमान आणि तिथल्या अणूंची अवस्था सांगता येऊ लागली. ताऱ्यांच्या भौतिकशास्त्राचा पाया त्यामुळे पक्का झाला. त्याच वर्षी आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील लेखांचे साहा आणि बोस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये साहा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेलसाठी अनेकदा नामांकन होऊनही ते मिळाले नाही. आधुनिक विज्ञानातले सारे काही वेदांत आधीच आहे, हा दावा त्यांनी ग्रंथांचे दाखले देत खोडून काढला.

प्रयोगशाळेत कोंडून घेणारे हे शास्त्रज्ञ नव्हते. १९४३ च्या दामोदर महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते सदस्य होते. त्या वेळी व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते परमपूज्य बाबासाहेबांकडे होते. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या दामोदर परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. या दोन महापुरुषांचे श्रेय शालेय पुस्तकांनी किती सांगितले? १९५२ मध्ये साहा अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाकडे जाताना ते कोसळले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आज गुणवत्तेचा टेंभा मिरवणाऱ्यांना एकच प्रश्न. ती शिष्यवृत्ती गेल्यावर दुसरी शाळा आणि त्या डॉक्टरांचे घर मिळाले नसते, तर साहांची गुणवत्ता कुठे दिसली असती? किराणा दुकानात! यंत्र कणाला त्याचा जन्म विचारत नाही, त्याने मागे सोडलेली खूण तपासते. आपली विद्यापीठे मात्र खूण उमटण्याआधीच आडनाव वाचतात. विज्ञानलेखक होऊ इच्छिणारा आंबेडकरवादी संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठात गेला. त्याचीही शिष्यवृत्ती थांबली होती.

म्हणून शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि आरक्षण ही कुणाची मेहेरबानी नव्हे. त्यांच्यावर घाला येईल तिथे चळवळीने उभे राहिले पाहिजे. आणि आपल्या वस्तीतल्या प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत मेघनाद साहांचे चरित्र वाचले गेले पाहिजे.