भर दुपारी पाण्याला आलेली बाई

आजचे वाचन: योहान 4:1-42



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूरकडं खारपाणपट्टा आहे. विहिरीला पाणी असतं, पण तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याला बायका सकाळ-संध्याकाळ घोळक्यानं निघतात. मे महिन्यात भर दुपारी एकटी कोण जाणार? म्हणून ही शोमरोनी बाई मला लहानपणीच समजली. तिला उन्हापेक्षा लोकांच्या नजरा जास्त पोळत असाव्यात.

हाच अध्याय पंडिता रमाबाईंना ख्रिस्ताकडं घेऊन गेला.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. आईनं त्यांना संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायी देश फिरत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं. मग भाऊ गेला. 1882 मध्ये पतीही गेले. पदरात छोटी मनोरमा होती.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात भगिनी चालवत असलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं वाया गेलेल्या ठरवलेल्या बायका तिथं मायेनं सांभाळल्या जात होत्या. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायकांवर कोणी दया का करावी, असं त्यांनी एका भगिनीला विचारलं. भगिनीनं उत्तर म्हणून योहानाचा हा चौथा अध्याय वाचून दाखवला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथं माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

पण गोष्ट इथंच संपत नाही. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, काम वाढलं, नाव झालं. तरी साधारण 1891 मध्ये त्यांना उमगलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला, ख्रिस्त अजून घेतलाच नाही. एवढी विदुषी, पण पापी म्हणून रिकाम्या हातानं प्रभूपुढं आली. तारण फुकट मिळतं, हे त्यांनी तेव्हा स्वतःसाठी मान्य केलं.

पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका तिथं आल्या. त्यांत ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी कृपा सदन झालं. फुलहॅमला पाहिलेलं घर त्यांनी आपल्या मातीत बांधलं. जेवण, अंथरूण, हाताला काम आणि रोजची प्रार्थना. 5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडं गेल्या.

आता माझं सांगते. गेल्या रविवारी आमच्या मंडळीत एक ताई दोन वर्षांनी आली. तिच्याबद्दल खूप बोललं गेलं होतं, मीही बोलले होते. बाकावर माझ्या शेजारी जागा होती, तिथं माझी पर्स होती. ती मी उचलली नाही. ताई मागं जाऊन उभी राहिली. आणि त्याच उपासनेत मी पापक्षमेची प्रार्थना मोठ्यानं म्हटली!

मलाही क्षमा फुकटच मिळाली आहे ना? मग बाकावरची जागा माझ्या मालकीची कशी?

आज संध्याकाळी मी तिच्या घरी जाणार आहे, आधी माफी मागायला. तुमच्या शेजारची जागा कुणासाठी अडलीय? आज त्या व्यक्तीला फोन करा.

प्रार्थना: प्रभू, तू मला जसं जवळ घेतलंस, तसं दुसऱ्याला जवळ घ्यायला मला शिकव. आमेन.