श्रीमंत सयाजीराव महाराज : एक दीर्घ कारकीर्द

इ. स. १८७५ च्या एप्रिल महिन्यात इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांस पदच्युत केले, तेव्हा त्यांच्या राज्यास पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. तेवढ्या अवधीत बडोद्याची प्रजा गांजून गेली होती. त्याच साली २७ मे रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा जमनाबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतला व तो सयाजीराव या नावाने गादीवर बसला. शेतकऱ्याच्या घरातील या मुलास तोवर अक्षरओळखही नव्हती. दिवाण टी. माधवराव यांनी राज्याची घडी बसविली, इलियट साहेबांनी मुलास शिकविले, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती अधिकार आले. ते १९३९ पर्यंत राहिले.

इतका काळ एकाच हाती सत्ता असणे प्रजेच्या हिताचे असते काय? जुलमी राजा दीर्घायुषी निघाला तर प्रजेचे हालही तितकेच लांबतात, हे उघड आहे. परंतु काही कामांना वेळच लागतो. महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुलगा शाळेत गेला तर गुरे कोण राखील, ही कुणब्याची अडचण खोटी नव्हती. तेरा वर्षे अनुभव घेऊन, १९०६ साली, ती सक्ती सर्व राज्यास लागू झाली. शाळा सुटल्यावर पुस्तक हाती न पडल्यास शिकलेले विसरते, हे पुढे ध्यानी आले. म्हणून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून गावोगाव वाचनालये काढण्यात आली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पाच वर्षांच्या राजास हे पीक पेरता आले असते; कापता आले नसते.

तथापि दीर्घ कारकीर्द म्हणजे सर्व संकटांवरील कवच नव्हे. महाराजांच्या हाती अधिकार येऊन अठरा वर्षे झाली असता छप्पनचा दुष्काळ कोसळला. १८९१ साली राज्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. ती १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आली. एवढी माणसे एका दशकात कमी झाली, हे महाराजांच्या गौरवात सहसा कोणी सांगत नाही. आम्हांस ते सांगणे अवश्य वाटते. प्रकृतीच्या कारणाने महाराज वारंवार व दीर्घकाळ विलायतेत राहत, तेव्हा कारभार अधिकाऱ्यांच्या मर्जीवर चाले. १९०८ साली धारासभा स्थापन झाली खरी, पण तिच्या हाती फारसे अधिकार नव्हते. राजा चांगला निघाला हे प्रजेचे भाग्य. तो वाईट निघता तर त्यास दूर करण्याचा मार्ग प्रजेपाशी नव्हता. मल्हाररावांसही प्रजेने नव्हे, परक्या सरकारने काढले होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले. त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले, आणि १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या बडोदे कॉलेजाचा आरंभ महाराजांच्या हाती अधिकार आले त्याच वर्षी झाला होता, ते याच साली नव्या विद्यापीठात सामील झाले. त्या विद्यापीठास महाराजांचेच नाव आहे.