दामोदर धर्मानंद कोसंबी

गहू किंवा भात अशा पिकांचे जनुकीय नकाशे आज संगणकावर तयार होतात. त्यांविषयीच्या शोधनिबंधांत, जगाच्या कोणत्याही देशातील असोत, कोसंबी हे नाव वारंवार भेटते. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचेच हे नाव आहे.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. वडिलांबरोबर ते बालवयातच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन मायदेशी परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

पुण्यात त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास हाती घेतला. नाणे हाताळले की झिजते. म्हणून वजनातील घट पाहून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज करता येईल, असे त्यांना वाटले. परंतु हा अंदाज खरा कशावरून? प्राचीन नाण्यांवर वर्ष कोरलेले नसते. तेव्हा कोसंबींनी बाजारात चालणारी, वर्षाचा ठसा असलेली हजारो नाणी काटेकोर तराजूवर तोलली आणि आधी त्यांच्यावर आपली पद्धत पारखली. काम कंटाळवाणे खरे, पण त्यामुळे त्यांचा निष्कर्ष दुसऱ्या कोणालाही तराजू घेऊन तपासता येण्याजोगा झाला.

१९४४ मध्ये त्यांनी जनुकशास्त्रातील एका प्रश्नावर छोटासा निबंध प्रसिद्ध केला. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. संततीतील ताटातुटीचे प्रमाण मोजून जनुकांमधील अंतर काढतात. मात्र मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर जनुके पुन्हा एकत्र येतात आणि ती घटना मोजणीतून निसटते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी सूत्र दिले होते. पण त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता सहसा घटते. कोसंबींच्या सूत्राने हा अडथळा हिशेबात घेतला.

फरक लहान नाही. ताटातुटीचे प्रमाण ३० टक्के असेल, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ सेंटिमॉर्गन येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३४.७. रोपे तीच, मोजणी तीच, तरी नकाशे दोन! म्हणूनच कोणते सूत्र वापरले हे संशोधकाला नमूद करावे लागते. नाहीतर दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच नकाशा पुन्हा काढता येणार नाही.

१९४५ च्या सुमारास होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. राहणे पुण्यात आणि काम मुंबईत, त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास नित्याचा झाला. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्तीही याच काळातली. तिच्यात पाठभेद नोंदलेले असल्याने संपादकाचा निर्णय वाचकाला पारखता येतो.

तपासणीची हीच कसोटी पुढे त्यांच्यावरही उलटली. १९५९ मध्ये त्यांनी रीमान यांच्या प्रसिद्ध गणिती अनुमानाची सिद्धता मांडली, तीही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. इतर गणितज्ञांना ती मान्य झाली नाही आणि त्यांच्या गणिती लौकिकाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला. तरी लेखन थांबले नाही. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडून प्राचीन दगडी हत्यारे शोधणेही चालूच राहिले.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जनुकीय नकाशे काढणारी मॅपमेकर ही संगणक-प्रणाली १९८७ मध्ये आली. तिच्यात हॉल्डेन यांच्या सूत्राशेजारी कोसंबींचे सूत्रही वापरायला दिलेले होते.