डॉ. वसंत रामजी खानोलकर : भारतीय विकृतिशास्त्राचे जनक

खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथल्या एका इमारतीचं नाव आहे 'खानोलकर शोधिका'. हे खानोलकर कोण, असं मुलांनी विचारलं तर आपल्याला सांगता आलं पाहिजे.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील, म्हणजे पॅथॉलॉजीतील, एम.डी. पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात अध्यापन केले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली.

विकृतिशास्त्रज्ञ नेमकं करतो काय? जठराच्या कर्करोगाचं उदाहरण घेऊ. जठराभोवती दाण्यांसारख्या छोट्या लसिका ग्रंथी असतात. रोग वाढला की त्याच्या पेशी या ग्रंथींत शिरतात. मग सर्जनपुढे प्रश्न येतो, ग्रंथी किती काढायच्या? जठराला लागून असलेल्याच काढल्या तर ती 'डी-१' शस्त्रक्रिया, जवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेच्याही काढल्या तर 'डी-२'. कमी काढल्या तर रोग मागे राहण्याची भीती, जास्त काढल्या तर रुग्णाला ऑपरेशनच न झेपण्याची भीती! नेदरलँड्समधल्या अभ्यासात डी-२ नंतर लगेच दगावणारे रुग्ण जास्त होते, पण पंधरा वर्षांनी पाहिलं तर कर्करोगाने झालेले मृत्यू त्याच गटात कमी निघाले. जपानमध्ये महाधमनीजवळच्या ग्रंथीही काढून पाहिल्या, पण त्याने आयुष्य वाढलं नाही. म्हणून आज वाढलेल्या रोगात अनुभवी हातांनी केलेली डी-२ योग्य मानतात.

हे अभ्यास खानोलकरांच्या नंतरचे. पण काढलेल्या ग्रंथी वेचून मोजायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि रोग कुठवर पोचलाय ते सांगायचं, हे काम विकृतिशास्त्रज्ञाचंच. निदान १६ ग्रंथी तपासल्या तर रोगाची पायरी नीट ठरते. भारतात या शास्त्राचा पाया भक्कम केला तो खानोलकरांनी.

ते नुसते काचपट्ट्या बघत बसले नाहीत. हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, हे त्यांनी शोधलं. १९४५ मध्ये त्यांनी व सहकारी सूर्याबाई यांनी सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर लेख लिहिला. चुट्टा पेटत्या टोकाकडून तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला, तर कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या त्वचेला होणारा कर्करोग त्यांनी जगापुढे आणला. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचं संशोधन केलं.

१९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालं. त्याचे पहिले संचालक खानोलकरच. हीच संस्था पुढे खारघरला आली. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, घरी एवढं जरूर सांगा : तंबाखूपासून लांब राहणं, हा धडा आपल्याला सूक्ष्मदर्शकाने कधीच दिलाय. आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात सूक्ष्मदर्शक काढाल तेव्हा खानोलकरांचं नाव अवश्य घ्या.