जाते परत आले, गाण्याचे काय?

जुने ते सोने ही म्हण आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. अलीकडे ती बाजारातही खरी ठरू लागली आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांनी हुसकलेली तांब्याची कळशी पुन्हा स्वयंपाकघरात आली. लाकडी घाण्याचे तेल, पाट्यावरची चटणी, खापरावरचे मांडे यांच्या पाट्या महामार्गावरच्या हॉटेलांवर झळकू लागल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आमच्या आजोबांनी गव्हाची चैन परवडत नव्हती म्हणून खाल्ली. तीच आज आम्ही हौसेने मागवतो आणि वर ठेचाही मागतो!

गेल्या वर्षी जळगावला एका प्रदर्शनात मी तळहाताएवढे दगडी जाते पाहिले. दिवाणखान्यात ठेवण्यासाठी होते ते. त्यात दाणा दळला जाणार नव्हता. मागच्या भिंतीवर मात्र बहिणाबाई चौधरींचे चित्र लावले होते. डोक्यावरून पदर घेतलेली ती माउली त्या इवल्याशा जात्याकडे पाहून काय म्हणाली असती, हा विचार बोदवडला परतताना एस.टी.त माझ्या मनातून जाईना. म्हणून हा लेख.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देण्याची रीत नव्हती, आणि बहिणाबाईंच्याही हाती ती कधी आली नाही. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या खंडेराव चौधरींचे चिरंजीव नथूजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि असोद्याची लेक जळगावच्या चौधरी वाड्यात सून म्हणून आली. काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे झाले. पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी तीन लेकरे, दाराशी शेती आणि पाठीशी कष्ट, एवढ्या शिदोरीवर त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

हे आयुष्य कोणत्या वस्तूंनी भरलेले होते? पहाटेचे जाते, धुराची चूल, सूप, तिफण, विळा, खळे आणि मोट. आज आपण ज्यांना पारंपरिक वस्तू म्हणून कौतुकाने हात लावतो, ती त्यांची रोजची हत्यारे होती. आपल्या बोलीत जात्याला घरोट म्हणतात. घरोटावर त्यांनी गाणे केले, पेरणीवर केले, कापणीवर केले, मळणीवर आणि उपणणीवर केले. आखजीला माहेरी आलेल्या लेकीबाळींवर आणि त्यांच्या झोक्यावर केले. काम हाताने चाले आणि गाणे तोंडाने. गाण्यासाठी वेगळा वेळ काढण्याइतकी सवड त्यांना नव्हतीच.

हे समजायला जाते कसे चालते हे पाहिले पाहिजे. खालची तळी स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला लाकडी खुंटा आणि मधोमध तोंड. त्या तोंडात मूठ मूठ दाणे टाकायचे. फार टाकले तर भरड येते, कमी टाकले तर दगडावर दगड घासतो. एका हाताने ओढायचे, दुसऱ्याने घास घालायचा आणि हा ताल तासभर मोडू द्यायचा नाही. ओवीची लय या फेऱ्यातूनच आली आहे. समोरासमोर दोघी बसल्या तर एकीने चरण म्हणायचा, दुसरीने उचलायचा. घरातले पुरुष निजलेले असत. त्या अंधारात बाई जे बोलू शकत नसे ते गात असे. सासर, माहेर, भाऊ, मेलेले मूल, सारे त्या पिठाबरोबर बाहेर पडे.

परंतु यावरून बहिणाबाई जुन्याच्या आंधळ्या अभिमानी होत्या असे कोणी समजू नये. नव्याकडेही त्या कुतूहलाने पाहत. जळगावात छापखाना पाहिला तर त्यावर त्यांनी गाणे रचले. यंत्राचे नवल तर केलेच. शिवाय छापलेल्या कागदाने माणूस खरोखर शहाणा होतो का, अशी शंकाही सहज घेतली. मला वाटते, आज त्या असत्या तर त्यांनी पिठाच्या गिरणीला नावे ठेवली नसती. पहाटे तीनला उठून खांदा मोडेपर्यंत दळणाऱ्या बाईला गिरणी म्हणजे दोन तासांची झोप! आज मोट परत आणावी असे कोणी म्हणत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जे परत आणतो, ते आपण बिनकष्टाचे तेवढेच निवडून आणतो.

बहिणाबाईंची गाणी उरली ती योगायोगाने. त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ पितांबर चौधरी ती वेळोवेळी वहीत उतरवून घेत. जे टिपले गेले नाही ते वाऱ्यावर गेले. सोपानदेव स्वतः कवी होते. तरीही आईची गाणी जगापुढे ठेवायला ते संकोचत होते. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली. हे धन लपवून ठेवणे बरे नव्हे, असा त्यांनी आग्रह धरला आणि १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. ज्यांच्या नावावर पुस्तक आहे, त्यांनी ते कधी पाहिले नाही आणि पाहिले असते तरी वाचता आले नसते. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. म्हणजे आपल्या पदवीच्या कागदावर जे नाव आहे, ते एका निरक्षर बाईचे आहे. केवढा हा उलटा न्याय, आणि केवढा सुंदर!

जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जतन करून ठेवल्या आहेत. शेतीची अवजारे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, पूजेचे साहित्य आहे. वस्तू टिकवणे त्या मानाने सोपे. दगड शंभर वर्षे पडून राहतो. गाणे मात्र गाणाऱ्याबरोबर जाते.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही, घरच्या जात्याने शिकवले. महाविद्यालयात पारंपरिक वेशभूषेचा दिवस होता आणि मला छायाचित्रासाठी जाते हवे होते. घरी शोधाशोध केली. खालची तळी कोठीत पोत्यांखाली सापडली. वरची अंगणात, पाण्याच्या टाकीचे झाकण उडू नये म्हणून ठेवलेली! दोन्ही धुतल्या, नवा खुंटा बसवला. आजी नुसती बघत होती. मूठभर ज्वारी घातली तर पीठ कसले, भरडच आली. आजी हसली. तळी गुळगुळीत झाली आहे, तिला टाकी लावायला हवी, पूर्वी गल्लीत त्यासाठी पाथरवट यायचा, असे ती म्हणाली. मग पदर खोचून स्वतःच खुंट्याला बसली.

चार-पाच फेरे झाले आणि ती गाऊ लागली. मी तिला इतकी वर्षे ओळखतो, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एक चरण आला, दुसरा आला, आणि पुढे तिला आठवेना. ती थांबली. पुन्हा फेरा सुरू केला, पुन्हा तिथेच अडली. तिच्या आईकडून तिला कितीतरी ओव्या आल्या होत्या. गावात गिरणी आली तशा त्या मागे पडल्या. गिरणीच्या रांगेत कोण गाणार? मग खांदा दुखतो म्हणून ती उठली. छायाचित्र काढायचे माझ्या मनातच राहिले नाही.

त्या रात्री मी एक वही केली. आतापर्यंत तिच्यात १९ ओव्या झाल्या आहेत. त्यांतल्या ७ अर्ध्याच आहेत. कणीक मळताना, शेंगा फोडताना आजीला मधेच काही आठवते, ती हाक मारते आणि मी धावतो. त्या ओव्या बहिणाबाईंच्या तोलाच्या आहेत असा माझा दावा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून खेडोपाडी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, असे वाचल्यावर माझी वही फारच लहान वाटली. तरीपण या १९ ओव्या त्या लाखांत नसाव्यात.

मित्रमैत्रिणींनो, तांब्याची कळशी जरूर घ्या, कळण्याची भाकरीही खा. पण घरात सत्तरी ओलांडलेली आजी, मावशी, आत्या असेल तर एक वही आणि एक पेन घेऊन तिच्याजवळ बसा. मोबाईलवर आवाज धरून ठेवता आला तर आणखी बरे. जाते बाजारात केव्हाही मिळेल. माझ्या वहीतल्या त्या ७ ओव्यांचे उरलेले चरण मात्र कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत. आजीच्या मैत्रिणींपैकी दोघी अजून आहेत; या सुटीत मी त्यांच्याकडे जाणार आहे.